गॅसलेस मिग मशीन आणि फ्लक्स-कोर वायर, आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (कोल्हापूर)

मशीन घेतली दिवाळीनंतर, आता जुलै चालू आहे, या काळात १ किलोची ११ बंडलं संपवली त्यामुळं आता लिहायला हरकत नाही असं वाटतंय. आधी लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या, कारण पहिले तीन आठवडे मला खात्री होती की आपले पैसे बुडाले.

मी फॅब्रिकेशनची छोटी कामं करतो. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याचं शेड, जनावरांचा गोठा आणि सीझनला उसाच्या ट्रॉलीची डागडुजी. वर्कशॉप म्हणजे फुलेवाडीच्या पुढं घरामागं टाकलेलं शेड. वडिलांच्या वेळेपासनं आमच्याकडं तेलातली ट्रान्सफॉर्मर मशीन आणि झाळायचा ६०१३ नंबरचा रॉड, त्याच्यावरच सगळं घर चाललं. मिग, म्हणजे बंडलातनं आपोआप येणाऱ्या वायरीनं झाळायची पद्धत, मी दुसऱ्यांकडं शिरोलीला कामाला होतो तेव्हा शिकलो, तिथं गॅस, बंदिस्त शेड, सगळं व्यवस्थित. स्वतःचं काम सुरू केल्यावर अडचण ही झाली की माझी निम्मी कामं साइटवर, गगनबावडा रोडला एखाद्या वस्तीवर, तिथं सीओटूचा सिलेंडर गाडीवर नेणं शक्य नाही आणि नेला तरी माळावर असला वारा असतो की गॅस झाळीवर थांबतच नाही. म्हणून बिनगॅसची वायर. नळीसारखी पोकळ वायर असते, आत फ्लक्सची पावडर, जळताना तीच धूर आणि स्लॅग, म्हणजे वरची खपली, तयार करून झाळ झाकते, म्हणजे रॉड उलटा करून आत-बाहेर केल्यागत.

मशीन सिंगल फेज इन्व्हर्टर, कव्हरवर २०० अँपिअर लिहिलंय, मिग आणि रॉड दोन्ही चालतं. दोन बंडलांसकट साडेअठरा हजाराला पडली. ब्रँड आणि दुकान दोन्हीचं नाव टाकत नाही. पुढं जे सांगतोय ते कुठल्याही छोट्या गॅसलेस मशीनला लागू पडतं, आणि दुकानदाराची चूक झाली तरी तो माणूस वाईट नाही, त्यानं नंतर रोलर मागवून दिला.

पहिला दिवस. ६ मिमीच्या पट्टीवर रन (झाळीची सलग ओळ) मारला तर फटाक्याच्या माळेगत आवाज, चारी बाजूला छर्रे, झाळ पट्टीवर चिखलाचा गोळा ठेवल्यासारखी नुसती वर बसलेली आणि हातोडीनं खपली काढली तर खाली भोकंच भोकं. फौंड्रीतली माणसं ज्याला ब्लोहोल म्हणतात तसली. व्होल्टेज वर-खाली केलं, वायरचा स्पीड वर-खाली केला, पट्टी ग्राइंडरनं चकाचक केली, काही फरक नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले वायर खराब असंल, दुसरं बंडल लावा. दुसरं लावलं, तेच. घरात सगळे म्हणायला लागले रॉड बरा होता की, कशाला नाद केलास.

शेवटी दोन पट्ट्या खिशात घालून उद्यमनगरात गेलो. तिथं एक मिस्त्री आहेत, वय साठीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, वडिलांचे जुने ओळखीचे. मामांनी मशीन बघितलीच नाही, नुसती झाळ बघितली, अंगठा फिरवला आणि विचारलं, "टॉर्च प्लसला लावलीयस काय रे?" टॉर्च म्हणजे हातात धरायची मूठ, जिच्यातनं वायर बाहेर येते.

"मामा, मी काय लावलंय, आली तशीच चालू केली."

"मग तशीच आली असणार. झाकण उघड आणि अदलाबदल कर."

घरी येऊन वायरच्या बाजूचं झाकण उघडलं तर आत दोन बोल्ट, प्लस-मायनस, टॉर्चची पट्टी प्लसवर. गॅसवाल्या सॉलिड वायरला ते बरोबर आहे, तिथं टॉर्च प्लसच पाहिजे. पण गॅसलेस वायरीचं गणित उलटं. आपल्याकडं छोट्या बंडलात मिळतात त्या ई७१टी-जीएस आणि ई७१टी-११, या दोन्ही वायरींना टॉर्च मायनस आणि अर्थ क्लॅम्प (झाळायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) प्लस. पाच मिनिटांचं काम, एक पान्हा. बदलून रन मारला आणि आवाजच बदलला. तव्यावर पोळीला तेल सोडल्यावर येतो तसा एकसारखा, छर्रे निम्म्याच्याही खाली, खपली हातोडी लावल्यावर सलग निघाली. तीन आठवडे मी चुकीच्या पोलॅरिटीवर काम करत होतो आणि दुकानात विकताना हे कोणी बोललं नाही, मॅन्युअलमध्ये एका कोपऱ्यात एवढासा तक्ता आहे. विकणाऱ्यांना कळकळीनं सांगणं आहे, बिनगॅसची वायर देताय तर झाकण उघडून ही एक गोष्ट बदलून द्या. हा एक मुद्दा सोडला तर मशीनला नावं ठेवायला जागा नाही. आणि उलटी चूकही करू नका, कारखान्यात गॅसबरोबर चालणारी जी फ्लक्स-कोर वायर असते, ई७१टी-१, तिला टॉर्च प्लसच लागते. नाव सारखं असलं तरी बंडलावर छापलेलं वाचल्याशिवाय लावायची नाही.

आता खरी गोष्ट. पोलॅरिटी नीट झाली, झाळ दिसायला देखणी यायला लागली आणि मी निर्धास्त झालो. माझा एक मित्र शिरोलीला फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे, कास्टिंगचे तुकडे घासून पॉलिश करून त्यावर नायटल लावून मायक्रोस्कोपखाली बघणं हे त्याचं रोजचं काम. नायटल म्हणजे स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, दोन-चार टक्के. सहज बोलता बोलता तो म्हणाला तुझी झाळ कापून आण, बघू की आत काय आहे. मी ६ मिमीच्या दोन पट्ट्यांचा टी-जॉइंट केला, बाहेरनं एकदम सुबक, आणि मधून कापून दिला. त्यानं पॉलिश पेपरवर घासला, नायटल फिरवलं आणि झाळीचा माल वेगळ्या रंगात उठून दिसायला लागला, भोवती उष्णता लागलेला पट्टा पण दिसतो, नुसत्या डोळ्यांनी. आणि बरोब्बर कोपऱ्यात, जिथं दोन पट्ट्या भेटतात तिथं काळी बारीक रेघ. म्हणजे माल तिथपर्यंत पोचलाच नव्हता, दोन पट्ट्यांवर पूल टाकल्यागत वरनं गेला होता, खाली पोकळ. ती रेघ बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण तोपर्यंत मी त्याच सेटिंगवर एक गोठा करून दिला होता.

त्या दिवसापासनं मी झाळ दिसायला कशी आहे यावरनं तिची किंमत करणं बंद केलं. प्रत्येक नव्या जाडीला आधी दोन तुकड्यांचा टी करायचा, एकाच बाजूनं झाळायचा, व्हाइसमध्ये धरायचा आणि झाळीवर उलटा दुमडेल असा हातोडीनं ठोकून मोडायचा. लॅब लागत नाही, नायटल लागत नाही. मोडल्यावर कोपऱ्यापर्यंत माल फाटलेला दिसला तर ठीक, आणि कोपऱ्यात पट्टीची मूळ गुळगुळीत कड जशीच्या तशी दिसली तर आत मुरलेलं नाही. माझ्या बाबतीत कारणं दोन निघाली. व्होल्टेज कमी ठेवलं होतं, कारण कमी व्होल्टेजला झाळ फुगीर आणि गोल येते आणि ती मला चांगली वाटायची, पण दोरी ठेवल्यासारखी फुगलेली झाळ म्हणजे कडेनं चिकटलेली नाही असं समजायचं. दुसरं, मी ज्वाळ (आर्क) वितळलेल्या मालावर धरत होतो, ती धरायला पाहिजे मालाच्या पुढच्या कडेवर, कोपऱ्यात, म्हणजे उष्णता पट्टीला लागते, मालाला नाही. माझ्या मशीनवर डिस्प्लेला १६ दाखवायचा तो १७.५ केला, वायरचा स्पीड थोडा वाढवला, हात हळू केला. दुसरा तुकडा मित्राकडं नेला, रेघ गेली होती. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, माझे घेऊ नका, मोडून बघा.

आता त्या गोठ्याबद्दल. आमच्याच बाजूच्या गावात एका आबांकडं सहा म्हशींचा गोठा, खांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचे, वर एमएस (साध्या पोलादाचे) अँगल. मी पोलॅरिटी सुधारल्यानंतर केलेलं काम, रंग मारून दिला, पैसे पण घेतले. मार्चमध्ये आबांचा फोन, जोडातनं तांबूस पाणी उतरायला लागलंय. जाऊन बघितलं, ग्राइंडर लावला तर रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. गोठा रोज धुतला जातो, गोमूत्र असतं, ते भोकातनं आत जाऊन आतनंच गंज धरतो, वरचा रंग काही अडवत नाही. रॉडनं केलं असतं तर झालं नसतं असं ते म्हणाले आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण दोष वायरीचा नव्हता, मी जीआयचं कोटिंग न घासता झाळलं होतं. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि पोलाद वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात, म्हणजे पोलाद पातळ व्हायच्या आधी जस्ताची वाफ होते आणि ती वाफ मालातनं वाट काढत वर येते, वर यायच्या आत माल गोठला की भोक. रंग, ग्रीस, ओल, गंज सगळ्यांचं हेच. झाळीच्या दोन्ही बाजूनं इंचभर तरी पांढरं पोलाद दिसेपर्यंत घासायचं, आतल्या बाजूला पण हात पोचत असेल तर.

जस्ताचा धूर हा वेगळा विषय आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर जीआयवर काम केलं आणि रात्री थंडी वाजून ताप आला, तोंडाला धातूची चव, अंग मोडून आलं, तर तो साधा ताप नाही, धुराचा ताप आहे. एक-दोन दिवसात उतरतो म्हणून माणसं सोडून देतात. आपल्याकडं गूळ खाल्ला, दूध प्यालं की धूर उतरतो असं सगळेच सांगतात, गूळ आपलाच आहे, खावा, पण त्यानं धूर अडत नाही. घासून घ्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा, चांगला मास्क लावा. तसाही या वायरीचा धूर गॅसवाल्या मिगपेक्षा खूप जास्त आहे. माझी खरी नाराजी कुठल्या गोष्टीवर असेल तर ती याच्यावर, बंद खोलीत ग्रिलचं काम मी या वायरीनं करत नाही.

घासूनही भोकं येत असतील तर पुढचा संशय वायर किती बाहेर आहे त्याच्यावर. गॅसवाल्या मिगवरनं आलेल्या माणसाची सवय टीप (टॉर्चचं टोक, जिथनं वायर बाहेर पडते) जॉबला, म्हणजे झाळायच्या लोखंडाला, चिकटवून धरायची, ८-१० मिमीवर. या वायरीला १२ ते २० मिमी बाहेर लागते. मी अंगठ्याच्या नखाएवढी असं माप धरलंय. कारण असं की टीपमधनं बाहेर पडल्यावर ज्वाळीपर्यंत जाताना वायर तापते आणि आतला फ्लक्स कामाला लागतो, ते अंतरच दिलं नाही तर फ्लक्स तयार नसताना ज्वाळीत जातो. व्होल्टेज फार चढवलं तरी भोकं, कारण ज्वाळ लांब होते आणि हवेतला नायट्रोजन मालात शिरतो. याच दोन चुका एकत्र झाल्या की झाळीवर खपलीखाली एक वेगळीच खूण दिसते, ओल्या मातीत गांडूळ चालून गेल्यागत लांबट खड्डे. ते दिसलं की मी आधी व्होल्टेज अर्धा-अर्धा खाली आणतो आणि टॉर्च थोडी लांब धरतो, बहुतेक वेळा तेवढ्यात जातं.

स्लॅग आत अडकणं हा दोष मला फार त्रास न देता गेला कारण रॉडची सवय होती. जिथं स्लॅग आहे तिथं टॉर्च ओढत न्यायची, ढकलायची नाही, साधारण १५-२० अंश कलती, म्हणजे ज्वाळ मागच्या मालाकडं बघते आणि खपली मागं राहते. ढकललं की खपली पुढं पळते, माल तिच्यावर चढतो आणि ती आतच. फार हळू गेलं तरी तेच. दुसरा थर टाकायचा असेल तर पहिल्याची खपली पूर्ण काढून वायर ब्रश मारल्याशिवाय टाकायचा नाही, कडेच्या खाचेत काळं राहतं ते टोकदार हातोडीनं उकरायचं. आणि इथंच वायरीच्या नावाचा प्रश्न येतो. जीएस म्हणजे एकाच थरासाठी, थरावर थर टाकायला ती वायर बनवलेलीच नाही. ज्यांना थर टाकायचेत त्यांनी ११ घ्यावी. दुकानात दोन्ही एकाच रॅकवर, भावात शंभर-दीडशेचा फरक, कोणी सांगत नाही. ई७१टी मधला ७ म्हणजे ७० हजार पीएसआयची ताकद, १ म्हणजे सगळ्या पोझिशनला चालते, टी म्हणजे नळीची वायर, एवढं वाचता आलं की बंडल घेताना फसगत होत नाही.

फीडिंगवर जरा थांबतो, कारण निम्म्या लोकांची मशीन इथंच बंद पडून कोपऱ्यात जाते. ही वायर पोकळ असल्यामुळं मऊ आहे. मशीनसोबत आलेला रोलर सॉलिड वायरचा, गुळगुळीत खाचेचा, त्यावर ही वायर घसरते. घसरते म्हणून माणूस स्क्रू आवळतो, आवळला की वायर चपटी होते, चपटी झालेली वायर टीपमध्ये अडकते, मागं रोलरपाशी गुंता होऊन पाखराच्या घरट्यागत गोळा जमतो आणि पुढं टीपला वायर जळून चिकटते. मग टीप बदला, परत तेच. याला दातेरी रोलर लागतो, ०.८ चा मला अडीचशेला मिळाला आणि त्या दिवसापासनं घरटं झालेलं नाही. स्क्रू किती आवळायचा त्याची मामांनी सांगितलेली परीक्षा: टॉर्च लाकडाच्या तुकड्यावर तिरकी धरून वायर सोडायची, वायर लाकडाला लागून वळत राहिली पाहिजे, घसरली तर अर्धा आटा आवळा, दातांचे खोल व्रण पडून वायर चेपली तर अर्धा आटा सोडा. टीप मात्र वायरच्याच मापाची, ०.८ ला ०.८, थोडी मोठी चालेल असं कोणी सांगितलं तरी घेऊ नका, करंट नीट जात नाही आणि ज्वाळ फडफडते.

पावसाळ्याबद्दल आपल्या भागातल्यांना वेगळं सांगायला नको. जून लागल्यापासनं घरातल्या मिठाला पाणी सुटतं तिथं फ्लक्सचं काय. एक अर्धं बंडल मी मशीनमध्येच ठेवून आठवडाभर कामाला गेलो नाही, आलो तर वायरीवर तांबूस छटा, आणि मारलं तर पुन्हा भोकं, जी मी विसरलो होतो. ते बंडल फेकून दिलं, साडेसहाशे रुपये गेले. गंजलेली वायर ओढली की गंज लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधली, वायर जाते ती नळी) पण जातो आणि मग चांगली वायरही अडखळत येते. आता काम संपलं की बंडल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या जमवलेल्या. दोन मिनिटं जातात.

आणि लाइट. हे मी कुठंच वाचलं नव्हतं, कळे भागात साइटवर कळलं. वर्कशॉपमध्ये जी सेटिंग उत्तम चालायची तीच साइटवर मारली तर झाळ थंड, फुगीर, वायर जॉबला टोचल्यागत टॉर्चला मागं ढकलते. मशीन बिघडली समजून घरी आणली, घरी ठीक. मग लक्षात आलं की मी ३० मीटर एक्स्टेंशन ओढलं होतं, दीड स्क्वेअर एमएमची केबल. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, मशीननं २० अँपिअर ओढले की साधारण १४-१५ व्होल्ट केबलमध्येच संपतात, केबल हाताला गरम लागते ती त्याचमुळं. वस्तीवर आधीच व्होल्टेज कमी, त्यात हे. ४ स्क्वेअरची केबल घेतली, तिच्यात तेवढ्याच लांबीला सहाच्या आत जातात. केबल महाग पडली, पण मशीनच्या खालोखाल तीच सगळ्यात उपयोगी खरेदी ठरली. जाता जाता अर्थ क्लॅम्पचं, रंगावर क्लॅम्प लावू नका, जिथं चावतो तेवढी जागा घासा, निम्मी "मशीन खराब आहे" ची तक्रार तिथंच मिटते.

पातळ मालावर ही वायर मला आवडली नाही. १८ गेजचा स्क्वेअर पाइप म्हणजे १.२ मिमी, सलग रन मारला की भोक पडणारच. टाका, थांबा, लाली गेली की पुढचा टाका, आणि उभ्या कामाला वरनं खाली यायचं, तर जमतं. फर्निचरसारखं दिखाऊ काम असेल तर गॅसवाली मिग लावा. उलट ३ ते ६ मिमीच्या अँगलला, वाऱ्यात हिच्यासारखं काही नाही. कडेला खाच पडणं म्हणजे अंडरकट मला फक्त उभ्या अँगलवर आला. व्होल्टेज जास्त आणि हात घाईत, दोन्ही कमी करून कडेला अर्धा सेकंद थांबलं की खाच भरते.

ट्रॉलीचं बोलायला पाहिजे, कारण सीझनला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. ट्रॉलीचे फाळके, पत्रा, साइडचे अँगल मी या वायरीनं करतो. पण ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, हुक, चाकाचा अ‍ॅक्सल जिथं बसतो ती जागा, तिथं नाही. भरलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यानं जातात, मागं-पुढं दुचाकीवाले असतात. तिथं मी ७०१८ रॉड वाळवून वापरतो आणि ते पण कडा घासून व्ही करून, थर टाकत. एकजण म्हणाला दादा तुझ्या नव्या मशीननं पाच मिनिटात मारून दे, गाडी थांबलीय कारखान्यावर. मी नाही मारलं, तो दुसरीकडं गेला. त्याचं मला वाईट वाटतं, पण पुन्हा आला तरी तेच सांगेन.

मशीनबद्दल राहिलेलं पटकन. २०० अँपिअर हा आकडा विसरा, मागच्या प्लेटवर ड्यूटी सायकल बघा, माझ्या मशीनला १६० वर ३० टक्के लिहिलंय, म्हणजे दहा मिनिटात तीन मिनिटं झाळ आणि सात मिनिटं आराम. गेट-शेडच्या कामाला पुरतं, कारण घासण्या-बसवण्यात वेळ जातोच. सोबत आलेला क्लॅम्प हलका आहे, बदलला. टॉर्च बरी आहे. वजन उचलण्यासारखं, गाडीच्या मागं बांधून एकटा नेतो. खर्चाला वायर किलोमागं रॉडपेक्षा महाग, पण रॉडचे तुकडे फेकावे लागत नाहीत आणि रॉड बदलायला थांबावं लागत नाही, साइटवरचं दीड दिवसाचं काम एका दिवसात होतंय. पाचपैकी चार. एक गुण धुराचा आणि चुकीच्या पोलॅरिटीनं हातात देण्याचा मिळून कापला.

आबांच्या गोठ्यातले सगळे जोड मिळून २६. एप्रिल-मे मध्ये जमेल तसं जाऊन २२ घासून, उकरून परत झाळले, जस्ताचा रंग मारला, पैसे घेतले नाहीत. गेल्या आठवड्यात जाऊन टाचणी घेऊन एकेक जोड तपासला, पावसात कुठंही तांबूस उतरलेलं नाही. राहिलेले ४ गव्हाणीच्या वर आहेत, म्हशी बाहेर बांधल्याशिवाय तिथं ठिणगी पाडता येत नाही आणि सध्या पाऊस उघडायला तयार नाही. उघडीप मिळाली की पहिलं ते काम.